हॉल सोडून उरलेलं घर

पाहुणे येणार असं कळलं की आमच्या घरात सगळ्यात आधी सोफ्याच्या खोळी धुवायला निघतात. मग पडदे. मग शोकेसमधला काचेचा राजहंस. त्याची मान मोडून पुन्हा चिकटवलेली आहे, म्हणून पुसून झाला की चिकटवलेली बाजू भिंतीकडे करायची. सेंटर टेबलाखालची वर्तमानपत्रं बेडरूममध्ये जातात, बेडरूममधली इस्त्रीच्या कपड्यांची चळत कपाटात जाते आणि त्यामुळे कपाटातून जे काही बाहेर पडतं ते कॉमन बाथरूममध्ये. दुपारपर्यंत हॉल इतका देखणा होतो की घरातल्या कोणाचीच तिथं बसायची हिंमत होत नाही. नवरा कमरेवर हात ठेवून म्हणतो, "आता येऊ दे कोण यायचं ते."

येणारा येतो. पाणी पितो, राजहंसाकडे ढुंकूनही बघत नाही आणि विचारतो, "जरा हातपाय धुऊन घेऊ का?"

म्हणजे आम्ही सगळं जिथं नेऊन कोंबलेलं असतं, नेमका तिथंच निघतो.

या बाबतीत माझं एक मत आहे आणि ते घरात कोणालाही मान्य नाही. हॉलमध्ये पाहुणा कधी एकटा नसतो. आपण समोर बसलेलो असतो, बशीत चिवडा असतो, कोणाचं जमलं आणि कोणाचं मोडलं हे चाललेलं असतं. भिंतीचा रंग कुठला होता हे त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगता येणार नाही. पाहुणा एकटा असतो तो बाथरूममध्ये, रात्री अंथरुणावर आणि पहाटे, सगळं घर झोपलेलं असताना. या तिन्ही वेळी त्याला बोलायला कोणी नसतं, खायला काही नसतं आणि बघायला फक्त आपलं घर असतं. तेही अशा बाजूनं, की ज्या बाजूनं आपण ते वास्तुशांतीनंतर पाहिलेलंच नाही.

आपला सगळा खर्च मात्र हॉलवर. 'घर जरा नीट करून घेऊ या' असं मी म्हटलं की नवऱ्याला झुंबर आठवतं.

तसा पाहुणचार हल्ली दारापर्यंतही थांबत नाही, तो सोसायटीच्या फाटकाशीच सुरू होतो. आमच्या फाटकावर 'सुस्वागतम्' लिहिलेली कमान आहे आणि तिच्याच खांबावर 'पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर लावावीत' अशी पाटी आहे. आत यायचं तर वॉचमन फोनमधल्या ॲपवर येणाऱ्याची नोंद करतो. सांगलीची माझी मावशी दोन्ही हातांत पिशव्या, काखेत ओल्या हळदीच्या लोणच्याची बरणी अशी उभी राहिली, तेव्हा त्यानं अवतार बघून तिला 'डिलिव्हरी'त टाकलं. नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्यानं फोनकडे न बघता 'गेटवर ठेवा' हे बटण दाबलं. मावशी गेटवर राहिली. वॉचमननं तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि आमच्या घरी पुढे तीन दिवस तिचं जे काही झालं त्यानंतर ती अजून सांगते की त्या मुक्कामात खरी सरबराई वॉचमननंच केली.

त्यानंतर दार. दाराशी पाहुण्यानं चपला-बूट काढायचे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते काढताना बसायचं कुठं, हे कोणीच ठरवलेलं नाही. सत्तरीचा माणूस एका पायावर उभा राहून, वाकून, बुटाची नाडी सोडतो आणि दुसरा हात भिंतीला टेकतो. कुठल्याही बिल्डिंगमध्ये जाऊन बघा, दाराशेजारी साधारण साडेतीन फुटांवर पंजाचा काळपट ठसा असतो. नवऱ्याचं म्हणणं, तिथं धुता येईल असा महागातला रंग लावू. माझं म्हणणं, तिथं एक स्टूल ठेवू. त्या रंगाचं कोटेशन आलेलं आहे.

वाड्यांत ही पंचाईत नव्हती. दिंडीतून आत आलं की ओटा, मग ओसरी. ओट्यावर टेकायचं, पायांवर पाणी घ्यायचं, पगडी किंवा टोपी खुंटीला आणि हातातली पुरचुंडी कोनाड्यात. घरमालक पुढे येईपर्यंत पाहुण्याचं निम्मं बस्तान बसलेलं असे. पुण्यातले बरेच वाडे १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरानं नेले, उरलेल्यांतले बरेच पुढे बिल्डरांनी नेले. त्यांच्या जागी फ्लॅट आले, फ्लॅटमध्ये मार्बल आला, फॉल्स सीलिंग आलं, किचनला ट्रॉल्या आल्या. खुंटी काही परत आली नाही.

खुंटीचं दुःख मी उगाच काढत नाही. आमच्या बाथरूममध्ये पाहुणा शिरतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं ते मोजा: घालायचे कपडे, टॉवेल, चष्मा, मोबाइल आणि वय असेल त्याप्रमाणे कवळी किंवा कानाचं यंत्र. थोड्या वेळानं यात अंगावरून उतरलेल्या कपड्यांची भर पडते. हे सगळं अडकवायला आमच्याकडे टाइलला चिकटणारा गुलाबी प्लास्टिकचा एक हूक आहे. त्याची तब्येत रिकामं असताना उत्तम असते. रुमाल अडकवला तरी चालतं. पँट अडकवली की तो साधारण मिनिटभर विचार करतो.

तर बाथरूम. दोन बेडरूमच्या फ्लॅटला दोन बाथरूम असतात, एक आतलं आणि एक कॉमन. कॉमन म्हणजे आल्यागेल्याचं, असं फ्लॅट घेताना ठरतं. पण आलागेला वर्षातून थोडेच दिवस येतो. बाकीच्या दिवसांत तिथं वॉशिंग मशीन, केरसुण्या, कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, तडकलेली पण टाकवत नाही अशी बादली आणि थर्माकोलचं मखर राहायला येतात. मखराची तर वेगळीच शोकांतिका. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यामुळे ते गणपतीला वापरता येत नाही. कचऱ्यात द्यायला गेलं तर घंटागाडीवाला आपल्याकडे असा बघतो की आपणच ते परत घेऊन येतो. माळा भरलेला. मग ते आंघोळीच्या जागेसमोर उभं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नागपूरचे भावोजी, आंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "पाटावर बसलो आणि समोर ते सोनेरी खांब. शेवटपर्यंत धास्ती, कोणी आरती तर सुरू करणार नाही ना."

आणि कडी. आमच्या कॉमन बाथरूमची कडी लागत नाही असं मुळीच नाही. लागते, फक्त तिची एक पद्धत आहे. पावसाळ्यात दार फुगतं, चौकट फुगत नाही. उन्हाळ्यात दार पुन्हा आटतं, पण तोवर रेटारेटीनं बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात आणि दार खाली बसतं. कडीचा दांडा आणि चौकटीतलं भोक यांच्यात फार नाही, अर्ध्या सुताचा फरक पडतो. घरच्यांच्या हे अंगवळणी पडलंय: उजव्या पायाच्या अंगठ्यानं दार उचलायचं, खांद्यानं रेटायचं, श्वास रोखून कडी सरकवायची. पाहुण्याला ही माहिती तो आत गेल्यावर बाहेरून ओरडून दिली जाते. "उचला! उचलून! आता ढकला! नाही, डावीकडे!" शेजारच्यांना वाटतं, फर्निचर हलवतायत.

एवढं करूनही ज्याला ती लागत नाही, तो गातो. मराठी माणूस बाथरूममध्ये गातो याचं कारण संगीताची आवड, असा एक समज आहे. माझं निरीक्षण असं की त्याचा कडीशी संबंध आहे. भावोजी आमच्याकडे आले की आतून एकामागून एक नाट्यपदं, तानांसकट. बहीण म्हणाली, "आमच्याकडे कधी हूं नाही की चूं नाही." त्यांच्याकडची कडी नवी आहे.

नळांविषयी काय बोलावं. डावीकडे गरम, उजवीकडे गार हा सगळीकडचा संकेत. आमच्याकडे प्लंबरनं जोडताना तो घाईत फिरवला. घरच्यांना माहीत आहे. पाहुण्याला एकदा भाजल्यावर माहीत होतं. शिवाय मध्ये ती दांडी, जिनं पाणी नळाला जाणार की शॉवरला हे ठरतं. आधी आंघोळ करून गेलेल्यानं ती शॉवरकडे ठेवलेली असते. पाहुणा कपड्यांसकट, चष्म्यासकट वाकून बादली नळाखाली सरकवतो आणि नळ सोडतो. आतून येणाऱ्या त्या पहिल्या आवाजावर आम्ही बाहेर एकमेकांकडे बघतो आणि कोणीतरी हळूच म्हणतं, "सांगायचं राहिलं."

फ्लशला दोन बटणं आहेत, एक कमी पाण्याचं, एक जास्त पाण्याचं. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनं पाणी वाचावं म्हणून ही युक्ती आणली. आमच्याकडे दोन्ही एकदम दाबून मनात सातपर्यंत मोजावं लागतं. तेवढ्यात काय वाचायचं ते वाचतं.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा अजून पुढेच आहे आणि ती विनोदाची नाही, कामाची आहे. बंद राहिलेल्या बाथरूमला वास येतो तो का, हे मला एका वयस्कर प्लंबरनं सांगितलं. फरशीतल्या जाळीखाली वाडग्याच्या आकाराचा जो भाग असतो त्याला त्यांच्यात नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात दोनेक इंच पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणी हेच बूच. खालच्या ड्रेनेजचा वायू त्यामुळे वर येत नाही. पाणी अडवून धरणाऱ्या वाकड्या नळीचं संडासासाठीचं पेटंट १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. ते घड्याळजी होते. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी एका घड्याळजीनं सोडवलेला प्रश्न आम्ही दर मे महिन्यात पुन्हा तयार करतो: बाथरूम बरेच दिवस वापरलं नाही की ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं, बूच निघतं, आणि वास व झुरळं दोघंही रीतसर वर येतात. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा एक तांब्या पाणी. आम्ही इतकी वर्षं त्याऐवजी लॅव्हेंडरचा फवारा मारत होतो. त्यानं गटाराचा वास जात नाही, त्याला फक्त परदेशी शिक्षण मिळतं.

गॅस गीझर असेल त्यांनी आणखी एक बघावं. थंडीत पाहुणा वारा येतो म्हणून खिडकी लावून, फटीत फडकं कोंबून आंघोळीला बसत नाही ना? कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि माणूस दगावतो. खिडकीची जाळी पाहुणे यायच्या आधी मोकळी करा, पडदे नंतर धुवा.

आजोळी, राजापूरच्या बाजूला, न्हाणीघर घराच्या मागे होतं. तांब्याचा बंब, बसायला दगड, टाचा घासायला वजरी, कपडे टाकायला आडवी दांडी. कडी नव्हती, कारण दार नव्हतं. पण बंबाचा धूर इतका असे की आत कोण आहे हे आत असलेल्यालाही नीट कळत नसे.

आता रात्र. रात्र व्हायच्या आधी चार्जिंग. पूर्वी पाहुणा आला की गूळ-पाणी विचारत. आता तो आल्याआल्या भिंतीच्या खालच्या कडेनं नजर फिरवतो. हॉलमधला एक प्लग टीव्हीच्या मागे आहे, तिथवर वायर पोचत नाही. दुसरा सोफ्याच्या मागे आहे. तो हवा तर सोफा सरकवावा लागतो, आणि सोफा सरकवला की सोफ्यामागचं दिसतं. भावोजी प्लग सापडेपर्यंत ओणवे होते आणि उठताना त्यांच्या हातात टीव्हीच्या जुन्या रिमोटचं झाकण, एक करंजीचं कातणं आणि आमच्या मुलाचं मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक होतं.

मग म्हणाले, "वायफायचा पासवर्ड काय गं?"

"कोणालाही सांगू नये."

भावोजी गप्प झाले. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "राहू दे. माझ्याकडे आहे थोडा डेटा."

"अहो, तोच पासवर्ड आहे! कोणालाही सांगू नये. सगळं जोडून. आमच्या चिरंजीवांनी ठेवलाय."

बहिणीचा राग तोवर जेवणापर्यंत पुरेल इतका वाढला होता.

झोपायच्या जागेचं आमच्याकडे रीतसर गणित आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या धरायच्या, बाल्कनी सोडायची. बिल्डरला ती पुरते. पाहुणे असणाऱ्या घराला कामाचं एकच क्षेत्रफळ, गादीक्षेत्र. गादी सहा बाय तीन, हॉल दहा बाय सोळा. कागदावर पाच गाद्या आरामात बसतात. प्रत्यक्षात सोफा, टीव्हीचं युनिट आणि डायनिंग टेबल वजा जाता दोन, आणि तिसऱ्याचे पाय टेबलाखाली. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात घरची माणसं झोपत, गावाहून आलेली झोपत, उरलेली गॅलरीत. पाहुण्यांची सोय कशी लावायची असा प्रश्न तिथं नव्हताच, घरच्यांना रात्री कुठं पाठवायचं एवढाच होता.

आमच्या जादा गाद्या आमच्याच पलंगाच्या पोटात असतात. त्या काढायच्या तर पलंगाचं झाकण उचलावं लागतं, झाकणावर आमची गादी असते, आणि गाद्या काढायची आठवण होईपर्यंत गादीवर नवरा असतो.

जमिनीवर उताणा पडलेला माणूस घर खालून बघतो. घर खालून कसं दिसतं याचा विचार आर्किटेक्ट करत नाही, इंटीरियरवाला करत नाही, सणाला घर झाडणारी मीसुद्धा करत नाही. खालून सोफ्याचं फाटलेलं काळं अस्तर लोंबताना दिसतं. पंख्याच्या पात्यांच्या कडेची काजळी दिसते, आणि त्यातला कुठला थर कधी पडेल याचा अंदाज घेत माणूस जागा राहतो. डायनिंग टेबलाच्या पोटावर ते बनवणाऱ्या सुतारानं पेन्सिलीनं केलेला हिशेब आहे. मावशीनं सकाळी चहा पिता पिता विचारलं, "सुताराचे बाराशे दिलेत ना गं?"

अंधार तर हल्लीच्या घरात मिळतच नाही. राऊटरचे हिरवे दिवे, इन्व्हर्टरचा लाल, टीव्हीचा लाल, पाण्याच्या मशीनचा निळा. इतके दिवे असून बाथरूमकडे जायची वाट मात्र दिसत नाही. पूर्वी झिरोचा बल्ब असे. नावाला झिरो, वीज बारा-पंधरा वॅटची खायचा, पण त्या उजेडात माणूस माणसावर पाय देत नसे. आता आठ बटणांचा बोर्ड आहे. रात्री दोन वाजता पाहुणा तो चाचपतो. पहिल्या बटणानं देव्हाऱ्यातली माळ लागते. दुसऱ्यानं बाल्कनीतला दिवा. तिसऱ्यानं झुंबर लागतं आणि सगळे उठून बसतात. चौथ्या आणि पाचव्यानं काहीच होत नाही. ती कशाची आहेत हे बिल्डरही सांगू शकला नाही. सहाव्यानंही काही झालं नाही असं पाहुण्याला वाटतं. ते फ्रीजचं असतं. हे सकाळी दूध नासल्यावर कळतं.

आणि हॉलमधलं घड्याळ. ते दर तासाला वाजतं हे आम्ही विसरून गेलोय, कारण आम्हाला ते ऐकूच येत नाही. त्याच्या खाली झोपणाऱ्याला येतं. दोनचे टोले झाल्यावर मावशी खुर्चीवर चढली आणि तिनं सेल काढून ठेवला. सकाळी शाळेच्या बसच्या वेळी नवऱ्यानं बाहेर येऊन घड्याळ बघितलं, दोन वाजून चार मिनिटं झालेली पाहिली आणि तो परत जाऊन झोपला.

मावशी पाचला उठते. तिच्या वयाची बहुतेक माणसं उठतात. पाच ते सात हा पाहुण्याच्या मुक्कामातला सगळ्यात खडतर काळ असतो. वर्तमानपत्र आलेलं नसतं, टीव्ही लावता येत नाही, आणि चहा हवा असतो. ओट्यापाशी गेलं तर गॅस पेटत नाही, कारण मी रात्री खालून रेग्युलेटर बंद करते. डब्यांवर नावं आहेत, पण ती लग्न झालं त्या वर्षी लिहिलेली. 'साखर'मध्ये साबुदाणा असतो, 'चहा'मध्ये वेलदोडे आणि जायफळ, 'रवा' रिकामा, आणि साखर आइस्क्रीमच्या डब्यात. गाळणं कुठं असतं हे मलाही शोधावं लागतं. मावशी अंधारात स्टुलावर बसून राहते, देवाचं सगळं म्हणून संपवते, मग फ्रीजवरच्या पिझ्झाच्या जाहिराती वाचते. सातला मी जांभई देत बाहेर येते आणि विचारते, "कधी उठलीस?"

"आत्ताच गं."

सगळे पाहुणे हेच सांगतात. खरं काय ते घरी परत गेल्यावर बोलतात, आणि ते आपल्यापर्यंत तिसऱ्याकडून येतं.

आमच्या नात्यात या सगळ्यावर एक माणूस आहे. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, साताऱ्याचे काका. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली. मुक्कामाला येताना पिशवीत दोन शर्ट, एक लेंगा आणि एक रेक्झिनचं पाकीट. पाकिटात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, पांढरी टेफ्लॉन टेप आणि काड्यापेटी. काका हॉलमध्ये बसत नाहीत. पाणी उभ्यानंच पितात आणि म्हणतात, "कुठंय बाथरूम?" आत जाऊन कडी लावून बघतात, एकदाच, आणि आतूनच हाक मारतात, "सूनबाई, फेविकॉल आहे का गं?"

बिजागरीचे स्क्रू काढून, सैल झालेल्या भोकांत गुल उडवलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकल्या, वर आलेली टोकं मोडली, आणि तेच स्क्रू परत पिळले. दार वर उचललं गेलं. अर्धा सूत मिटला. गुलाबी हूक त्यांनी दोन बोटांनी काढून कचऱ्यात टाकला आणि दाराच्या मागे तीन जाड हूक पिळून बसवले, त्यातला एक मावशीचा हात पोचेल इतका खाली. माझी नेलपॉलिश मागून घेतली आणि बोर्डावर बाथरूमच्या दिव्याच्या बटणाला लाल टिकली दिली. फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी मारली. नळ काढून डावा-उजवा केला, तेव्हा आता घरच्यांना भाजतं. सोफ्यामागचा प्लग पुढे आणायला एक्स्टेंशनचा बोर्ड सोफ्याच्या पायाला बांधून टाकला. दाराशी नवऱ्यानं कोटेशन मागवलेल्या रंगाच्या जागी, माळ्यावरून काढलेलं जुनं स्टूल आलं. मखर बघून मात्र काका बराच वेळ उभे राहिले. मग ते त्यांनी करवतीनं कापलं आणि गॅलरीतल्या कुंड्यांच्या मागच्या भिंतीला उन्हाच्या बाजूनं लावलं.

त्यांची मजुरी काही नाही. तासाला एक चहा, आणि टॉर्च धरायला घरातला एक पुरुष. तो नवऱ्याला व्हावं लागतं. दिवसभर आतून एकच आवाज येत होता: "माझ्या तोंडावर नको रे, स्क्रूवर धर. स्क्रूवर!" पन्नाशीला आलेला, हाताखाली बारा माणसं असलेला माझा नवरा संध्याकाळी कोपऱ्यात बसून म्हणाला, "लहानपणीसुद्धा ते हेच म्हणायचे."

परवा भावोजी आले. आंघोळीला गेले आणि पंधरा मिनिटं आत एक शब्द नाही. मी घाबरून दार वाजवलं. "काय गं?" म्हणाले, "जरा निवांत बसलोय."

अर्थात ही बातमी नात्यात लपून राहिली नाही. दिवाळी आत्तापासूनच ठाण्याच्या नणंदेनं अडवून ठेवली आहे, तिच्या बेसिनला गळती आहे. उन्हाळ्यात कोल्हापूरकरांनी नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला काकांना चार दिवस आधी बोलावलं आणि वर म्हणाले, घरचेच आहेत. माझ्या मैत्रिणीनं, काकांशी काही नातं नसताना, ते आमच्याकडे कधी येतात असं दोनदा विचारलं. इकडे आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची पुलीची दांडी बिघडली आहे. एक दोरी ओढली की दुसरी सुटते आणि ओल्या कपड्यांसकट दांडी डोक्यात येते. सोमवारी मी साताऱ्याला फोन लावला.

"काका, यंदा गणपतीला आमच्याकडे या ना. बऱ्याच दिवसांत आला नाहीत."

"येतो की. काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही हो काका. सहज."

"बरं. सहज म्हणजे लाइट की प्लंबिंग?"